माहुलीपासून मुनियापर्यंत : छोटा झूम कॅमेरा कसा निवडावा, कसा वापरावा

लेन्स कायमची जोडलेली, पण मागेपुढे सरकून जवळचे आणि लांबचे दोन्ही टिपणारी, अशा कॅमेऱ्याला कॉम्पॅक्ट झूम म्हणतात. त्यात दोन घराणी आहेत. पहिले खिशात मावणारे: वजन साधारण ३०० ग्रॅम, बंद केल्यावर लेन्स पूर्ण आत जाते. दुसरे ‘ब्रिज’ कॅमेऱ्यांचे: दिसायला डीएसएलआरसारखे, हातात नीट धरता येईल अशी पकड, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आणि मोठी लेन्स. त्यांचे वजन सहाशे ग्रॅमपासून जवळजवळ दीड किलोपर्यंत जाते. दोन्हींत लेन्स बदलण्याची सोय नाही आणि तेच त्यांचे बलस्थान आहे. पिशवीत दुसरी लेन्स नको, धुळीत लेन्स काढण्याघालण्याची कटकट नको.

मोबाइलने या कॅमेऱ्यांचा बाजार जवळपास संपवला. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले होते आणि त्यांत बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते. २०२३ मध्ये सगळ्या प्रकारचे मिळून हा आकडा ऐंशी लाखांच्याही आत आला. घरचा समारंभ, जेवणाचे ताट, समोरचा माणूस हे सगळे मोबाइल उत्तम टिपतो. तो अडतो अंतरापाशी. पन्नास पावलांवरच्या फांदीवरचा पक्षी किंवा डोंगरावरचा सुळका मोबाइलमध्ये ओढून मोठा केला, की बहुतेक वेळा रंगाचे ठिपके उरतात. छंद म्हणून कॅमेरा घेणाऱ्याने म्हणूनच आधी ठरवावे ते एवढेच: आपल्याला काय टिपायचे आहे आणि ते आपल्यापासून किती लांब असते.

आटगावचा परिसर या प्रश्नासाठी चांगली कसोटी आहे. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगावच्या पुढे येणारे हे शहापूर तालुक्यातले स्थानक. पश्चिमेला माहुलीचा किल्ला, त्याच्या अंगाने तानसा अभयारण्याचे जंगल, दुसऱ्या बाजूला भातसा धरणाचे पाणी. शेजारच्या मुरबाड तालुक्यात गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट आणि माळशेज. डोंगर, रानपक्षी, पावसाळी फुले, काजवे, जत्रा असे पाच निरनिराळे विषय या परिसरात मिळतात आणि प्रत्येकाची कॅमेऱ्याकडून मागणी वेगळी असते.

खोक्यावरचा आकडा

दुकानात पहिल्यांदा नजरेत भरतो तो ‘४० एक्स’, ‘८३ एक्स’ असा आकडा. लेन्सचे सर्वांत लांबचे टोक हे सर्वांत रुंद टोकाच्या किती पट, इतकेच तो सांगतो. ‘किती लांबचे दिसते’ हे त्यातून थेट कळत नाही. त्यासाठी ‘३५ मिमीच्या तुलनेतील’ फोकल लेंग्थ पाहावी. कॅननच्या खिशातल्या एसएक्स७४० एचएसची लेन्स २४ ते ९६० मिमी, म्हणजे ४० एक्स. निकॉनच्या पी९०० ची २४ ते २००० मिमी, म्हणजे ८३ एक्स. २०१८ मध्ये आलेल्या पी१००० ची २४ ते ३००० मिमी. सोनीच्या आरएक्स१० मार्क ४ ची मात्र २४ ते ६०० मिमी, म्हणजे फक्त २५ एक्स. किमतीने मात्र हा शेवटचाच वरचढ. कारण आकड्यात नाही, सेन्सरमध्ये आणि काचेत आहे.

प्रत्यक्ष हिशेब असा मांडता येतो. ओढ्याकाठी बसणारा लहान खंड्या सोळा-सतरा सेंटिमीटरचा. तो वीस मीटरवर असेल, तर ६०० मिमीला चौकटीच्या उंचीचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापतो, १२०० मिमीला दोन पंचमांश आणि २००० मिमीला दोन तृतीयांशाहून थोडा अधिक. चंद्राचेही तसेच. ६०० मिमीला तो चौकटीच्या उंचीच्या पाव हिश्शाहून लहान येतो, २००० मिमीला पाऊण उंची भरतो, आणि ३००० मिमीला कडा कापल्या जाऊ लागतात.

उलट माहुलीला एवढ्या झूमची गरज नाही. आटगावाहून किल्ला सात-आठ किलोमीटरवर आहे. तेथून ३०० मिमीला चौकटीत सुमारे नऊशे मीटर रुंदीचा डोंगर बसतो. वजीर सुळका आणि नवरा-नवरी-भटजी ही शिखरे वेगळी उठून दिसायला तेवढे पुरते. म्हणजे डोंगराचा शौक असेल तर २०० ते ४०० मिमी पुष्कळ. पक्ष्यांचा असेल तर ६०० पासून सुरुवात. जाहिरातीत ‘डिजिटल झूम’ म्हणून आणखी जो आकडा दिलेला असतो, तो हिशेबात धरू नये. तो फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करतो. ते काम घरी संगणकावरही होते.

सेन्सर आणि प्रकाश

फोटो उमटतो सेन्सरवर. बहुतेक कॉम्पॅक्ट झूम कॅमेऱ्यांचा सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, क्षेत्रफळाने त्याच्या चौपट. इतक्या छोट्या कॅमेऱ्यात ८३ पट झूम मावतो तो सेन्सर लहान असल्यामुळेच. पी९०० च्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ ४.३ ते ३५७ मिमीच आहे. सेन्सर इवलासा असल्यामुळे ती २००० मिमीचे काम करते. एक इंची सेन्सरला तेवढाच पल्ला द्यायचा तर लेन्स खांद्यावर वाहावी लागेल.

भर उन्हात दोन सेन्सरमधला फरक फारसा जाणवत नाही. तो कळतो सावलीत. तानसाच्या दाट रानात सकाळी सातला, किंवा आषाढातल्या काळ्या ढगांखाली, कॅमेऱ्याला आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवावा लागतो. लहान सेन्सर ८०० च्या पुढे गेला की पिसांचे बारकावे विरघळतात आणि फोटोवर रवाळपणा येतो. एक इंची सेन्सर १६००, प्रसंगी ३२०० पर्यंत तग धरतो.

अ‍ॅपर्चरचा आकडाही म्हणूनच दोन्ही टोकांचा पाहावा. हा आकडा लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा; लहान आकडा म्हणजे मोठे छिद्र. एसएक्स७४० ला रुंद टोकाला एफ ३.३ असलेले अ‍ॅपर्चर पूर्ण झूमवर एफ ६.९ होते, म्हणजे सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश चौथ्या हिश्शाहूनही कमी. आरएक्स१० मार्क ४ ला ते एफ २.४ पासून एफ ४ पर्यंतच उतरते. त्याच्या वजनात आणि किमतीत मोठा वाटा आहे तो एवढ्या उघड्या राहणाऱ्या काचेचा.

कोणी कोणता घ्यावा

गड चढणाऱ्याने वजन पाहावे. गोरखगडाच्या कातळातल्या पायऱ्या चढताना दोन्ही हात मोकळे लागतात. गळ्यात लोंबणारा किलोभराचा कॅमेरा तिथे अडचणच ठरतो. सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतला सातवा कॅमेरा ३०२ ग्रॅमचा आहे, एक इंची सेन्सरचा, २४ ते २०० मिमीचा. सुळके, कडे, दऱ्या, वाटेवरची फुले आणि सोबतची माणसे एवढ्या पल्ल्यात बसतात. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसाच्या जत्रेतही असाच कॅमेरा बरा. बैलबाजारातली गर्दी, घोंगड्यांची दुकाने, संध्याकाळी पेटलेले दिवे यांना झूम कमी आणि प्रकाश गोळा करण्याची ताकद जास्त लागते.

पक्ष्यांसाठी ब्रिज कॅमेरा घ्यावा, आणि त्यातही दोन वाटा आहेत. मोकळ्या माळावर, भातखाचरांच्या बांधावर, धरणाच्या काठावर ऊन भरपूर असते. तिथे लहान सेन्सरचा पण १२०० ते २००० मिमीचा कॅमेरा कमी खर्चात समाधान देतो. कोतवाल, वेडा राघू, मुनियांचे थवे, तारेवर बसलेली कापशी घार हे त्याचे विषय. दाट रानात फिरणाऱ्याने मात्र पल्ला कमी पत्करून एक इंची सेन्सर घ्यावा.

तानसाचे नाव पक्षीप्रेमींच्या तोंडी आहे ते रानपिंगळ्यामुळे. हा पक्षी १८८४ नंतर शास्त्रज्ञांना दिसलाच नव्हता. १९९७ मध्ये तो आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, आणि २०१४ मध्ये तानसाच्या जंगलात त्याची नोंद झाली. इतर घुबडांसारखा तो फक्त रात्री हिंडत नाही, दिवसाही शिकार करतो आणि एकाच फांदीवर बराच वेळ बसून राहतो. तेवीस सेंटिमीटरचा हा पक्षी तीस मीटरवरून, त्याला उठवल्याशिवाय, टिपता येणे हीच लांब झूमची खरी उपयुक्तता.

यापलीकडे चार गोष्टी तपासाव्यात. पहिली व्ह्यूफाइंडर: उन्हात मागचा पडदा दिसेनासा होतो, शिवाय डोळ्याला टेकवलेला कॅमेरा कमी हलतो. दुसरी रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या फाइलची सोय. पी९०० मध्ये ती नाही. २०२० मध्ये आलेल्या पी९५० मध्ये आहे. रॉ असेल तर सावलीतला पक्षी नंतर उजळता येतो. तिसरी स्थिरीकरण, म्हणजे हाताचा कंप भरून काढणारी यंत्रणा. लांब झूमला ती हवीच. चौथी बॅटरी. एका चार्जवर अडीचशे ते चारशे फोटो असा या कॅमेऱ्यांचा दावा असतो. झूम वारंवार आतबाहेर केला की तो आणखी घटतो, म्हणून दुसरी बॅटरी सोबत ठेवावी.

नवी मॉडेल्स थोडी राहिल्यामुळे अनेक जण जुना कॅमेरा घेतात. मुंबईत फोर्ट भागात बोरा बाजारच्या आसपास अशी दुकाने आहेत. जुना कॅमेरा हातात घेतल्यावर आधी झूम पूर्ण बाहेर-आत चार-पाच वेळा करावा. लेन्स अडखळली किंवा खरखरली तर तो ठेवून द्यावा. मग अ‍ॅपर्चर एफ ८ वर नेऊन मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पडद्यावर मोठा करून पाहावा. काळपट डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, आणि जोडलेल्या लेन्सच्या कॅमेऱ्यात ती घरी साफ करता येत नाही. त्या मॉडेलची बॅटरी आणि चार्जर अजून मिळतात का, याचीही खात्री करावी. नवा घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी पाहूनच पैसे द्यावेत.

हातात आल्यावर

ऑटो मोडवर पहिले काही दिवस जायला हरकत नाही, पण लांब झूमला ऑटो चुकते. कॅमेऱ्याला समोर पक्षी आहे की दगड हे कळत नाही; तो शटर मंद ठेवतो आणि फोटो हलतो. जुना ठोकताळा असा की शटर स्पीड फोकल लेंग्थच्या आकड्याइतका तरी असावा: ६०० मिमीला १/६००, २००० मिमीला १/२०००. स्थिरीकरणामुळे बसलेल्या पक्ष्यासाठी १/२५० वरही काम भागते. उडणाऱ्या पक्ष्याला मात्र स्थिरीकरणाचा उपयोग नाही, कारण हलतो तो पक्षी. तिथे १/१६०० किंवा त्याहून वेगवान शटर हवे. म्हणून डायल ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ वर ठेवून शटर स्वतः ठरवावे आणि आयएसओला वरची मर्यादा घालावी.

अ‍ॅपर्चर लहान करण्याचा मोह टाळावा. मोठ्या कॅमेऱ्याच्या पुस्तकात निसर्गचित्रासाठी एफ ११ सांगितलेले असते. १/२.३ इंची सेन्सरवर एफ ८ लाच प्रकाश छिद्राच्या कडेवरून वळून पसरू लागतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. अशा कॅमेऱ्यात एफ ४ ला पायाशी असलेल्या तेरड्यापासून मागच्या डोंगरापर्यंत बहुतेक सारे स्पष्ट येते.

पूर्ण झूमवर पक्षी शोधणे नवख्याला जमत नाही, कारण चौकट फारच अरुंद होते. आधी झूम मागे घेऊन पक्षी मध्यभागी आणावा, नजर न हलवता झूम वाढवावा. पक्षी निसटला तर काही कॅमेऱ्यांवर एक बटण असते. ते दाबून धरले की लेन्स क्षणभर रुंद होते आणि सोडताच पुन्हा आधीच्या झूमवर येते. फोकससाठी मधला एकच लहान चौकोन निवडावा, नाहीतर कॅमेरा पुढच्या गवताच्या पात्यावर फोकस करून मोकळा होतो. वेडा राघू माशी पकडून पुन्हा त्याच काटकीवर येतो. त्या काटकीवर आधीच फोकस करून बर्स्ट मोडमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ फोटो काढणाऱ्या मोडमध्ये, थांबले, की चोचीत माशी असलेला फोटो हाती लागण्याची शक्यता बरीच वाढते.

रंगाचाही हिशेब ठेवावा लागतो. हिरव्यागार आवणात उभा असलेला पांढरा बगळा टिपताना कॅमेरा गर्द हिरव्याकडे पाहून फोटो उजळ करतो आणि बगळ्याच्या पिसांतले बारकावे जळून जातात. एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ केले की पिसे दिसू लागतात. तारेवर बसलेल्या काळ्या कोतवालाचे उलटे. मागे उजळ आकाश असते, म्हणून अधिक १ करावे.

लांबच्या दृश्यात खरा अडथळा हवेचा असतो. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत वर चढते, आणि सात किलोमीटरवरची माहुली पाण्यातून पाहावी तशी थरथरते. याला कोणत्याही किमतीचा कॅमेरा उपाय नाही. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सकाळी नऊच्या आत हवा सर्वांत स्वच्छ असते. किल्ला आटगावच्या पश्चिमेला असल्याने सकाळचे ऊन कड्यांवर समोरून पडते आणि कातळाचे थर स्पष्ट होतात. संध्याकाळी सूर्य मागे जातो आणि सुळक्यांच्या फक्त काळ्या आकृती उरतात. दोन्ही फोटो चांगले येतात, पण वेगवेगळे.

ट्रायपॉड प्रत्येक वेळी न्यावा असे नाही. कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरून ती बांधावर, कठड्यावर किंवा गाडीच्या खिडकीत ठेवली, की कॅमेरा तिच्यात घट्ट बसतो. काजव्यांसाठी मात्र ट्रायपॉडच लागतो. मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या सरींच्या सुमारास, रानात झाडेच्या झाडे लुकलुकतात. रुंद टोक, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, आयएसओ ८०० ते १६००, शटर पंधरा ते तीस सेकंद आणि हाताने केलेला फोकस अशी सुरुवात करावी. लहान सेन्सरचे काही कॅमेरे एवढ्या लांब शटरला आयएसओ आपोआप खाली आणतात, त्यामुळे हे काम एक इंची सेन्सरचेच. बॅटरीचा उजेड किंवा फ्लॅश मारला तर काजवे विझतात आणि इतरांचा फोटोही बिघडतो.

पाऊस, धूळ आणि बुरशी

या भागात कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांना पाण्यापासून संरक्षण नसते, आणि बाहेर येणारी लेन्स आत जाताना स्वतःबरोबर ओल आणि धूळ घेऊन जाते. म्हणून भिजलेली लेन्स पुसल्याशिवाय कॅमेरा बंद करू नये. छत्री, लेन्सभोवती रबराने आवळलेली जाड प्लास्टिकची पिशवी आणि दोन कोरडे सुती रुमाल एवढ्या तयारीवर माळशेजच्या धुक्यातही काम होते. एसी गाडीतून उतरताच कॅमेरा काढला तर काचेवर दव धरते. तो अर्धा तास पिशवीतच ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्यावा.

पावसाळ्याचे चार महिने कपाटात पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशीची जाळी धरते, आणि ती आतल्या काचेवर असेल तर दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ जातो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम चालवावा, तासभर उजेडात ठेवावा.

रानातले आणि गावातले नियम

तानसा हे अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे प्रवेश आणि छायाचित्रण वनखात्याच्या परवानगीनेच करता येते. धरणाच्या भिंतींवर सुरक्षेसाठी छायाचित्रणास मनाई असते, फलक वाचूनच कॅमेरा काढावा. पक्ष्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणे, घरट्याभोवतीच्या फांद्या तोडणे, घुबडाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणे हे विणीच्या दिवसांत पिल्लांच्या जिवावर बेतते. फोटोबरोबर दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा सर्वांना जाहीर करू नये.

माणसांच्या बाबतीत विचारणे हाच नियम. वारली, ठाकर, कातकरी पाड्यांवर लांब झूम लावून दुरून टिपलेला फोटो तांत्रिकदृष्ट्या चांगला असेल, पण त्यात माणसाची संमती नसते. जवळ जाऊन नाव विचारून, फोटो दाखवून, जमल्यास छापून परत दिला, तर पुढच्या वेळी त्या घराचे दार उघडे असते.

घरी आल्यावर त्याच दिवशी फोटो संगणकावर आणि दुसऱ्या एका डिस्कवर उतरवावेत, मगच कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे. एका पक्ष्याचे वीस फोटो असतील तर दोन ठेवून अठरा काढून टाकावेत. ठेवलेल्या फोटोला तारीख, गाव आणि ओळखलेले नाव लिहून जोडावे. कॅमेऱ्याचे घड्याळ त्यासाठी आधीच बरोबर लावलेले असावे. पक्ष्यांचे फोटो ‘ईबर्ड’सारख्या नोंदवहीत टाकले, की ते अभ्यासकांच्या हाती पुरावा म्हणून पडतात. अशा नोंदीला फोटो देखणा असण्याची गरज नसते. ओळख पटण्यापुरता स्पष्ट असला, तारीख बरोबर असली, की भागते.